कोल्हापुरात बसून मोबाइल गेम: पैसा कुठून येतो, कुठं अडतो

कोल्हापुरात बसून मोबाइल गेम करून पैसे मिळतात का, असं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं आम्हाला नेहमी विचारतात. मिळतात. पण किती मिळतील ते गेम बाजारात गेल्यावरच कळेल, असं बहुतेकांनी धरलेलं असतं. खरं तर कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी एक पानभर हिशेब मांडला तरी निम्म्याहून जास्त उत्तर हातात येतं. आमची टीम दोघा-तिघांची. राजारामपुरीत बसून छोटे, फुकट मिळणारे, जाहिरातींवर चालणारे अँड्रॉइड गेम करतो. या कामात जे रोज हाताखालून जातं तेवढंच इथं लिहितो आहोत. उदाहरण म्हणून लाल मातीतल्या कुस्तीचा, एका अंगठ्यानं खेळायचा गेम धरू.

आधी कागदावर

डाउनलोडच्या आकड्याला स्वतःची किंमत नसते. पैसा ठरतो तो आज किती जण खेळले आणि प्रत्येकानं किती जाहिराती पाहिल्या यावर. जाहिरात एक हजार वेळा दिसली की पदरात जी रक्कम पडते तिला ईसीपीएम म्हणतात. हा दर देशाप्रमाणे, जाहिरातीच्या प्रकाराप्रमाणे आणि मोसमाप्रमाणे हलतो. दिवाळी ते नाताळ चढा असतो, जानेवारी उजाडला की उतरतो. भारतातल्या खेळाडूमागे मिळणारा दर अमेरिकेतल्या खेळाडूच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी असतो.

समजा रोज १,००० जण खेळतात, प्रत्येकाला पूर्ण पडद्याच्या ४ जाहिराती दिसतात आणि ईसीपीएम ४० रुपये आहे. म्हणजे ४,००० जाहिराती, दिवसाला १६० रुपये, महिन्याला ४,८०० रुपये. हे आकडे हिशेब समजण्यापुरते धरलेले आहेत. स्वतःच्या डॅशबोर्डवरचे घालून प्रत्येकानं पुन्हा मांडावेत. पण रीत हीच. या हिशेबात एका माणसाचा एक दिवस १६ पैशांचा. महिन्याला ४०,००० रुपये हवे असतील तर रोज सुमारे ८,३०० माणसं खेळायला हवीत.

आता ही ८,३०० माणसं रोज आणायची कुठून? इथं रिटेन्शन, म्हणजे आलेला खेळाडू किती दिवस परत येत राहतो ते, येतं. आज १०० जणांनी गेम घेतला. त्यातले उद्या ३० परत आले, सातव्या दिवशी १० आणि तिसाव्या दिवशी ३ उरले, तर सगळ्या दिवसांची बेरीज करून एका माणसाच्या वाट्याला साधारण ४ दिवस येतात. म्हणजे रोज ८,३०० खेळाडू टिकवायला रोज दोन हजारांहून जास्त नवे डाउनलोड लागतात. आणि एका डाउनलोडची आयुष्यभराची कमाई होते ४ गुणिले १६, म्हणजे ६४ पैसे.

हा ६४ पैशांचा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा इतका महत्त्वाचा आहे. गुगल ॲड्सवर पैसे टाकून भारतात एक डाउनलोड विकत घ्यायला गेलं तर खर्च रुपयांत येतो, पैशांत नाही. म्हणजे जितकी जाहिरात कराल तितका तोटा वाढतो. मोठ्या कंपन्यांना हे परवडतं, कारण त्यांच्या एका खेळाडूची कमाई खर्चापेक्षा वर नेलेली असते. छोट्या टीमनं हिशेब न मांडता घरचे वीस-पंचवीस हजार जाहिरातीत घातले की ते गेले म्हणूनच समजावं.

मग हातात दोन गोष्टी उरतात. माणूस ४ ऐवजी ८ दिवस खेळावा, म्हणजे ६४ पैशांचे १ रुपया २८ पैसे होतात. किंवा खेळाडूंतला काही हिस्सा जास्त दराच्या देशांतून यावा. जुना ठोकताळा ४०-२०-१० असा सांगतात: दुसऱ्या दिवशी ४० टक्के, सातव्या दिवशी २०, तिसाव्या दिवशी १०. छोट्या गेमला ते क्वचित साधतं. तरी आमचा नियम असा की दुसऱ्या दिवसाचा आकडा २५ टक्क्यांच्या खाली असेल तर जाहिरातींच्या कोडला हातच लावायचा नाही. आधी गेम दुरुस्त करायचा. पहिल्या तीस सेकंदांत खेळाडूला पहिला विजय मिळाला नाही, किंवा शिकवणीचे चार-पाच पडदे आधीच वाचायला लावले, की हा आकडा पडतो. कुस्तीच्या गेममध्ये ढाक, कलाजंग, घिस्सा, धोबीपछाड असे सगळे डाव पहिल्याच लढतीत देऊ नयेत. पहिल्या लढतीत एक डाव आणि चीतपट. दुसरा डाव तिसऱ्या-चौथ्या लढतीनंतर. एखादा मोठा डाव दुसऱ्या दिवशी आल्याशिवाय उघडणारच नाही असा ठेवावा. उद्या परत येण्याचं कारण आजच्या खेळातच असावं लागतं.

उदाहरणं देताना सगळे व्हिएतनाममधल्या डोंग गुयेनच्या फ्लॅपी बर्डचं नाव घेतात. एकट्या माणसाचा गेम, दिवसाला ५०,००० डॉलरची कमाई, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यानं तो स्वतःच काढून घेतला. हे खरं आहे, पण त्यावर कुणी आपला बेत आखू नये. त्याच वर्षीचं थ्रीज आणि २०४८ या आकड्यांच्या दोन कोडे-गेमचं उदाहरण जास्त शिकवतं. थ्रीज फेब्रुवारीत आला, मार्चमध्ये त्याच धाटणीचा २०४८ वेबवर फुकट आला आणि बघता बघता त्याच्या नकलांनी स्टोअर भरली. कल्पनेला कुंपण घालता येत नाही. आपल्याकडचा लुडो किंग नवी मुंबईतल्या कंपनीचा, २०१६ चा. नियम शिकवावे लागत नाहीत आणि घरातली चार माणसं एकमेकांना बोलावतात, ही त्याची ताकद. छोट्या टीमनं यातलं 'शिकवावं लागत नाही' एवढं तरी नक्की उचलावं.

हत्यारं

गेम बांधायचं इंजिन म्हणून युनिटी किंवा गोडो, दोन्ही चालतात. गोडो पूर्ण फुकट आणि मुक्त परवान्याचं आहे, पण जाहिरातींसाठी बाहेरच्या लोकांनी लिहिलेलं प्लगइन जोडावं लागतं आणि ते कधी मागे पडेल सांगता येत नाही. युनिटीनं सप्टेंबर २०२३ मध्ये दर इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं होतं. वर्षभरानं ते रद्द झालं आणि फुकट मिळणाऱ्या पर्सनल परवान्याची उत्पन्नमर्यादा वर्षाला दोन लाख डॉलर झाली. आपल्या आवाक्यातल्या कमाईला ही मर्यादा आडवी येत नाही. जाहिरातींवरच गेम चालवायचा असेल तर आम्ही युनिटी घेतो, कारण बहुतेक जाहिरात कंपन्यांची किट, म्हणजे जाहिरात दाखवणारा कोड, तिथं तयार मिळतात.

तपासायला महागडा फोन नको. तीन-चार जीबी रॅमचा, तीन-चार वर्षं वापरलेला फोन हवा. आपला बहुतेक खेळाडू त्यावरच असतो. प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे गुगल प्लेच्या डेव्हलपरांसाठीच्या पानावर, क्रॅशचं प्रमाण १.०९ टक्के आणि गेम गोठण्याचं प्रमाण, म्हणजे एएनआर, ०.४७ टक्के यांच्या वर गेलं की स्टोअर गेमला मागे ढकलू शकतं. स्वस्त फोनवर पूर्ण पडद्याची जाहिरात उघडताना मेमरी संपते आणि हा आकडा बरेचदा तिथूनच फुगतो.

स्टोअरवर चढणं

गुगल प्लेच्या डेव्हलपर खात्याची फी २५ डॉलर, एकदाच. प्रीपेड कार्ड चालत नाही. डेबिट कार्डवर परदेशी व्यवहार सुरू करून घेतलेले नसतात म्हणून पैसे जात नाहीत, ही नेहमीची अडचण. बँकेच्या ॲपमध्ये ते आधी सुरू करावं. खात्यावरचं नाव पॅन आणि बँकेतल्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. कुठं वडिलांचं नाव पूर्ण, कुठं नुसतं आद्याक्षर, असा फरक पुढे पैसे घेताना त्रास देतो. वैयक्तिक खात्यावरून प्लेमध्ये विक्री करायची तर पूर्ण पत्ता स्टोअरच्या पानावर सर्वांना दिसतो. घरी म्हातारी माणसं असतील तर याचा विचार आधी करावा.

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला बंद चाचणीची, म्हणजे गेम सर्वांना खुला करण्याआधी तो निवडक लोकांना देऊन बघण्याची, अट आहे: किमान १२ जण, सलग १४ दिवस. सुरुवातीला ही संख्या २० होती, डिसेंबर २०२४ मध्ये १२ झाली. नोंदणीकृत व्यवसायाच्या खात्याला ही अट नाही, पण त्याला डन्स हा व्यवसायाची ओळख पटवणारा क्रमांक लागतो.

बंद चाचणी रखडते ती बहुतेक वेळा ईमेलमुळे. पोरं कॉलेजचा ईमेल देतात आणि फोनमधल्या प्ले स्टोअरमध्ये दुसराच जीमेल असतो. मग लिंक उघडली तरी 'आयटम सापडला नाही' असं येतं. प्रत्येकाला प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावर टॅप करायला सांगावं आणि तिथं दिसणारा पत्ताच घ्यावा. दुसरं, मधेच कुणी चाचणीतून बाहेर पडला आणि संख्या १२ च्या खाली गेली की सलगपणा मोडतो. म्हणून १२ हवेत तर १८-२० घ्यावेत. कॉलेजचा वर्ग, तालमीतली पोरं, मावस-चुलत भावंडं यांतून एवढी माणसं सहज होतात. पैसे देऊन टेस्टर पुरवणाऱ्यांच्या नादी लागू नये. चाचणीनंतर अर्जात टेस्टरांनी काय सांगितलं आणि तुम्ही काय बदललं हे विचारतात, आणि तिथं खरं उत्तर असलेलं बरं.

स्टोअरला द्यायची गेमची फाइल एएबी या स्वरूपातच जाते. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवा गेम किंवा अपडेट किमान अँड्रॉइड १५ साठी बांधलेलं असावं लागतं, यालाच लक्ष्य एपीआय ३५ म्हणतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून १६ केबी मेमरी पेजचीही, म्हणजे मेमरीचे मोठे तुकडे वापरणाऱ्या फोनवर गेम चालला पाहिजे अशी, अट आली. जुन्या युनिटीत बांधलेला गेम किंवा एखादं जुनं प्लगइन इथं अडकतं, आणि चूक आपल्या कोडमध्ये नसल्यानं शोधायला वेळ लागतो. म्हणून प्लगइन जितकी कमी तितकं बरं.

पानाचं साहित्य: नावाला ३० अक्षरं, छोट्या वर्णनाला ८०, मोठ्याला ४,०००, आयकॉन ५१२ बाय ५१२, वरचं चित्र १०२४ बाय ५००. नावात 'कुस्ती' हा शब्द ठेवावा, पण इंग्रजी पानावर 'रेसलिंग' हवंच, कारण बाहेरचा माणूस तेच शोधणार. आम्ही मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी तीन पानं करतो. मराठी पानामुळं कोल्हापूर, सांगली, सोलापूरची पहिली माणसं जिव्हाळ्यानं येतात आणि नीट अभिप्राय देतात. त्यांच्यामागचा दर कमी असला तरी गेम सुधारतो तो त्यांच्यामुळं.

जाहिराती

सुरुवातीला ॲडमॉब, म्हणजे गुगलची गेममध्ये जाहिराती देणारी सेवा, एकटंच पुरे. दोन-तीन कंपन्यांची बोली लावणारं मीडिएशन रोजचे हजारभर खेळाडू झाल्यावर जोडावं. त्याआधी किटचं ओझं वाढतं आणि मिळत काही नाही. पट्टीची, म्हणजे बॅनर जाहिरात, सगळ्यात स्वस्त. लढतीच्या मध्ये येणारी पूर्ण पडद्याची, म्हणजे इंटरस्टिशियल, त्याहून बरी. खेळाडूनं स्वतःहून बक्षिसासाठी पाहिलेली रिवॉर्डेड सगळ्यात मोलाची. हरलेली कुस्ती पुन्हा खेळायची, खुराक दुप्पट करायचा, एक डाव एका लढतीपुरता उघडायचा, अशा ठिकाणी ती बसवावी. खेळाडूला ती जाच वाटत नाही. आमच्या मते छोट्या गेमची निम्मी तरी कमाई इथून यावी असाच गेम रचावा.

इंटरस्टिशियल कुठं नको ते प्लेच्या धोरणातच आहे. ३० सप्टेंबर २०२२ पासून खेळ चालू असताना अचानक येणारी किंवा १५ सेकंदांनंतरही बंद न करता येणारी पूर्ण पडद्याची जाहिरात चालत नाही. रिवॉर्डेड याला अपवाद. लढत संपली, निकाल दिसला, 'पुढे' दाबलं, मग जाहिरात. बोट जिथं वेगानं आपटतं तिथं जाहिरात आली की चुकून क्लिक होतात. पहिले दोन दिवस कमाई वाढलेली दिसते आणि मग गुगल ती अवैध क्लिक म्हणून कापतं.

अवैध क्लिकमुळं छोट्या टीमची खाती जेवढी जातात तेवढी दुसऱ्या कशानंही जात नाहीत. गेम आला की मित्रमंडळी रंकाळ्यावर बसून 'तुला मदत' म्हणून जाहिरातींवर टॅप करत सुटतात. एकाच भागातून, त्याच त्या फोनांवरून क्लिक येतात. आधी जाहिरातींवर मर्यादा येते, मग खातं बंद. मित्रांना स्पष्ट शब्दांत सांगावं: गेम खेळा, जाहिरात बघा, पण मदत म्हणून दाबू नका. आणि बांधणी चालू असताना गुगलनं दिलेले चाचणीचे जाहिरात क्रमांकच वापरावेत. खरे क्रमांक फक्त शेवटच्या फाइलमध्ये.

जाहिरात आधी उतरवून ठेवावी लागते, आणि ती तासाभरात शिळी होते. गगनबावड्याच्या एसटीत नेटवर्क जातं-येतं. तिथं जाहिरात मिळाली नाही तर गेमनं वाट बघत न बसता पुढं गेलं पाहिजे. 'लोड होत आहे' या पडद्यावर अडकलेला माणूस गेम काढून टाकतो. रिवॉर्डेड तयार नसेल तर ते बटणच दाखवू नये.

नव्या गेमला ॲडमॉबकडून पडताळणीसाठी ॲप-ॲड्स नावाची एका ओळीची मजकूर फाइल स्वतःच्या साइटच्या मुळाशी ठेवावी लागते, आणि तीच साइट प्लेच्या पानावर संपर्कात द्यावी लागते. दोन्हींत फरक पडला की पडताळणी होत नाही. युरोपातल्या खेळाडूंसाठी जानेवारी २०२४ पासून जाहिरातींसाठी माहिती वापरायला संमती विचारणारी चौकट सक्तीची आहे. गुगलचं यूएमपी किट जोडलं की ते काम होतं.

मुलांसाठीचा गेम करायचा मोह अनेकांना होतो. तेरा वर्षांखालचं वय निवडलं की प्लेचं मुलांच्या गेमसाठीचं फॅमिलीज धोरण लागू होतं, वैयक्तिक आवडीवरच्या जाहिराती बंद होतात आणि दर उतरतो. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर अठरा वर्षांखालच्यांना नजरेत धरून जाहिरात करायला बंदी आहे. पैसे लावून खेळायच्या गेमचा रस्ता ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं पूर्णच बंद केला. लुडो असो की रमी, पैसे लावून खेळायचा गेम पुरवणं हा गुन्हा, आणि त्याची जाहिरातही. असलं काम घेऊन कुणी आलं तर नाही म्हणावं.

पैसे हातात येणं

ॲडमॉबवर १० डॉलर जमले की पत्ता पडताळणीसाठी साध्या टपालानं पिन येतो. पत्ता पोस्टमनला कळेल तसा लिहावा: गल्ली, पेठ, जवळची खूण, कोल्हापूर ४१६ ने सुरू होणारा पिनकोड. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. पैसे निघायला १०० डॉलर पूर्ण व्हावे लागतात आणि ते पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात. वरच्या हिशेबातले महिना ४,८०० रुपये म्हणजे साधारण दोन महिन्यांतून एकदा पैसे.

बँकेचं कोल्हापुरात नेमकं अडतं. आपल्याकडे अनेकांचं खातं सहकारी बँकेत. परदेशातून पैसे घ्यायला स्विफ्ट कोड लागतो आणि तो बऱ्याच सहकारी बँकांकडे नसतो. राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत खातं काढावं. तिथंही प्रत्येक शाखेला स्वतःचा कोड असेलच असं नाही, तेव्हा परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेचा कोड विचारून घ्यावा. पैसे आल्यावर बँक कशाचे म्हणून विचारते. तो परपज कोड सीएला विचारून ठरवावा, आणि पैसे आल्याचा बँकेचा दाखला जपून ठेवावा. अमेरिकेचा डब्ल्यू-८ बेन हा करफॉर्म पॅन घालून भरायचा राहिला तर अमेरिकेतल्या कमाईवर जास्त कर कापला जाऊ शकतो. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. त्यापुढे निर्यात म्हणून एलयूटी हे हमीपत्र भरून शून्य दरानं काम चालतं.

गेममधली खरेदी ठेवायची तर 'जाहिराती बंद करा' हे एकच उत्पादन आधी ठेवावं. किंमत ९९ रुपये ठेवली तर २०२१ पासून लागू असलेल्या छोट्या डेव्हलपरांच्या १५ टक्के दरानं ८४ रुपयांच्या आसपास उरतात, त्यातून कर वेगळा. खरेदी झाल्यावर गेमनं तीन दिवसांत पोच दिली नाही तर गुगल पैसे आपोआप परत करतं. विक्री झाली आणि तीन दिवसांनी रद्द, असं दिसलं की हेच तपासावं. आणि भारतातल्या ग्राहकाच्या खरेदीवरच्या जीएसटीचा विचार इथल्या डेव्हलपरनंच करायचा असतो.

आयफोनसाठी ॲपलच्या डेव्हलपर खात्याची फी वर्षाला ९९ डॉलर, आणि हाताशी मॅक लागतो. अँड्रॉइडवरचा गेम तेवढा खर्च सहज भरून काढायला लागला की मगच तिकडं जावं.

एवढं सगळं नीट केलं तरी एका गेमवर घर चालेल असं आम्ही कुणाला सांगत नाही. कोल्हापुरात खर्च पुण्या-मुंबईपेक्षा कमी, म्हणून इथं टिकाव जास्त धरता येतो, एवढा आधार खरा. आमच्या ओळखीच्या टीम आठवड्याचे निम्मे दिवस बाहेरच्यांची कामं करतात. उद्यमनगरातल्या किंवा शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्याला मशीन समजावणारं थ्रीडी ॲप, शाळेसाठी प्रश्नमंजूषा, परदेशी स्टुडिओला ॲनिमेशन. उरलेले दिवस स्वतःच्या गेमला. असे चार-पाच गेम दोन-तीन वर्षांत उभे राहिले आणि त्यातला एक जरी हजारांच्या घरात रोजचे खेळाडू टिकवू लागला, की बाहेरची कामं निवडून घेता येतात.

जुन्या गेमचं काय करायचं हे दरवर्षी उन्हाळ्यातच ठरवावं लागतं, कारण लक्ष्य एपीआयची मुदत ऑगस्टअखेर येते. ती पाळली नाही तर गेम आधी अपडेट घेणं थांबवतो आणि पुढे नव्या अँड्रॉइडच्या फोनवर नव्या माणसाला दिसेनासा होतो. इंजिन चढवणं, जाहिरातींचं किट बदलणं, जुन्या फोनवर पुन्हा तपासणं, यात चार-पाच दिवस जातात. त्या गेमची वर्षाची कमाई या दिवसांच्या मजुरीपेक्षा जास्त असेल तर अपडेट करतो. नसेल तर गेम स्टोअरवर आहे तसा राहू देतो, आणि त्यातली चित्रं, आवाज आणि डावांचा कोड पुढच्या गेममध्ये घेतो.